पाड्यावरचा खेळाडू शहरात येतो तेव्हा



मिरचीचे रोप वाफ्यातून काढून सरीवर लावायचे असते, तेव्हा जाणता शेतकरी काय करतो, हे मी आपल्याला सांगायला नको. तो आधी वाफ्याला पाणी देतो. रोप हलक्या हाताने काढतो. मुळाशी मातीचा गोळा राहू देतो आणि ऊन उतरल्यावर, दिवस कलताना ते लावतो. इतके करूनही रोप दोन दिवस मान टाकतेच. म्हणून कोणी ते उपटून बांधावर फेकत नाही. मग डोंगरातल्या पाड्यावरचे बारा-चौदा वर्षांचे पोर उचलून शहरातल्या क्रीडा वसतिगृहात आणून लावताना आपण एवढीही काळजी का घेऊ नये? आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते याच प्रश्नाविषयी.

आपल्या या छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या आवारात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी आहेत. सैन्याच्या मुलांसाठीच्या क्रीडा तुकड्या आहेत. अलीकडे खासगी अकादम्याही गावोगाव निघाल्या आहेत. २०१४ पासून व्यावसायिक कबड्डीच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि खेळावर पोट भरता येते, घर बांधता येते, हे खेड्यातल्या पोरांना दिसू लागले. दार उघडले, ही आनंदाचीच गोष्ट. पण दार उघडणे निराळे आणि आत आलेल्याला बसायला पाट देणे निराळे.

किनवट-माहूरच्या डोंगरात गोंड, कोलाम, आंध यांच्या वस्त्या आहेत. कन्नड-सोयगावकडे अजिंठ्याच्या रांगांत भिल्ल आणि ठाकर आहेत. पलीकडे सातपुड्यात भिल्ल-पावरा, नाशिककडे कोकणा, महादेव कोळी, वारली. या वस्त्यांतले एखादे पोर तालुक्याच्या स्पर्धेत अनवाणी धावून पहिले येते. कोणाची तरी नजर त्याच्यावर पडते आणि महिनाभरात त्याचे नाव वसतिगृहाच्या यादीत लागते. गावात पेढे वाटले जातात. आणि चार-सहा महिन्यांनी एके दिवशी तेच पोर पेटी उचलून एसटीने परत येते. विचारले तर म्हणते, “करमत नव्हतं.” केंद्राच्या वहीत शेरा पडतो : ‘न सांगता निघून गेला.’ गाव म्हणते, “पोरात दम नव्हता.” आणि प्रकरण मिटते.

श्रोतेहो, माझे सांगणे एवढेच, की दम बहुतेक वेळा पोरात असतो. कमी पडलेले असतो आपण, त्याला रुजू देणारे.

जरा त्या मुलाच्या जागी बसून पाहा. कोलाम घरातल्या मुलाची घरची बोली कोलामी. ती मराठीच्या कुळातली नव्हे, तेलुगूच्या नात्यातली. मराठी ही त्याची शाळेतली दुसरी भाषा. वसतिगृहात प्रशिक्षक बोलतात हिंदी, मध्येच इंग्रजी शब्द टाकतात. म्हणजे पोराने घरच्या बोलीतून मराठीत, मराठीतून हिंदीत आणि हिंदीतून पायांत असा सूचनेचा प्रवास करायचा. त्याला अर्धा क्षण उशीर झाला, की ओरड होते, “ऐकू येत नाही का?” ऐकू येते हो त्याला, समजायला वेळ लागतो. वडीलधारा बोलत असताना ते खाली पाहते, उत्तर देत नाही. घरी त्याला अदब म्हणतात. इथे त्याचाच अर्थ उर्मटपणा असा लावला जातो.

मग जेवण. ज्याने ज्वारीची भाकरी, भात, आमटी, रानभाजी यांवर दिवस काढले, त्याच्या ताटात एकदम पनीर, पाव आणि दूध येते. आहार पौष्टिक असतो यात शंका नाही. पण पोटालाही नवी ओळख व्हायला दिवस लागतात. पहिल्या आठवड्यात पोट बिघडले की धावणे बिघडते आणि धावणे बिघडले की मन बिघडते.

मग बूट. जन्मभर अनवाणी धावलेल्या पायाला खिळ्यांचे बूट चढवले, की पोटऱ्या आणि नडग्या दुखू लागतात. हे आजारपण नव्हे, सवयीचा प्रश्न आहे. आरंभी गवतावर रोज थोडा वेळ साधे बूट घालून चालणे, मग हळू धावणे आणि काही आठवड्यांनी खिळ्यांचे बूट, असा क्रम ठेवला तर पाय कुरकुर करीत नाहीत. पण सांगणार कोण? पोर तर दुखते म्हणून सांगतच नाही. त्याला वाटते, सांगितले तर घरी धाडतील.

आणि सगळ्यांत अवघड असते ती रात्र. ज्या घरात आजी, आई, भावंडे, शेळ्या सगळे एका छपराखाली, तिथून आलेले पोर लोखंडी खाटेवर एकटे निजते. ज्या शहरात तळ्याचा आणि झाडाचा आवाज नाही, तिथे त्याला झोप येत नाही. सकाळी पाच वाजता शिटी होते, आणि प्रशिक्षक वहीत लिहितात : ‘आळशी.’

आता ज्यांचे रोप लागले, त्यांच्याकडे पाहू. नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूलजवळ सावरपाडा नावाचे आदिवासी खेडे आहे. तिथली कविता राऊत. हिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले. राष्ट्रकुल स्पर्धेत धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी चीनमधल्या ग्वांगझू इथल्या आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदक घेतले, आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये ती मॅरेथॉन धावली. लोक तिला ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हणू लागले. पण एक्स्प्रेस म्हटली की रूळ आठवतात, आणि ते कोणीतरी आधी घातलेले असतात. तिला घडवणारे प्रशिक्षक विजेंदर सिंग नाशिकला आले आणि वर्षानुवर्षे तिथेच राहिले. भोसला सैनिकी शाळेच्या मैदानावर त्यांच्या हाताखाली एक मुलगी नव्हे, मुलींचा मेळा धावत होता. मोनिका आथरे, अंजना ठमके, संजीवनी जाधव या त्याच मैदानातून पुढे आल्या. यातून तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, सराव घराजवळच्या शहरात झाला, वाटले तर एका दिवसात घरी जाऊन येता येईल अशा ठिकाणी. दोन, प्रशिक्षक बदलत राहिले नाहीत. आणि तीन, मुलगी एकटी नव्हती.

दुसरे उदाहरण आपल्या बीड जिल्ह्यातले. आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे. हा आदिवासी नव्हे, पण कोरडवाहू गावातला, शाळेला मैलोन् मैल पायी जाणारा मुलगा. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेला. सियाचीनच्या बर्फात त्याने नोकरी केली. धावणे त्यानंतर आले. सैन्यातले प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतीकडे वळवले. पुढे राष्ट्रीय शिबिरात परदेशी प्रशिक्षकांच्या हाताखाली त्याला ठेवण्यात आले. ते प्रशिक्षक नामांकित होते, पण त्यांची पद्धत याला मानवली नाही. तो पुन्हा अमरीश कुमार यांच्याकडे आला. आणि त्याच वर्षी, म्हणजे २०१८ साली, भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा, सदतीस वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम शर्यत, ही त्याची पुढली वाटचाल आपण जाणताच. त्याने शिबिर सोडले, तेव्हा ‘हा जमवून घेत नाही’ असा शेरा मारून दार लावून घेतले असते, तर? दार उघडे ठेवणारा एक माणूस होता, म्हणून पुढचे घडले.

चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळही असाच. दुष्काळी गाव. बापाबरोबर विहिरी खोदण्याचे काम. २०१२ साली तो सैन्यात गेला आणि तिथे त्याच्या हातात वल्हे आले. २०१६ साली तो रिओच्या ऑलिंपिकमध्ये एकट्याने नाव वल्हवीत होता, आणि २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत त्याने सुवर्णपदक मिळवले.

सैन्यात खेड्यातले पोर टिकते आणि क्रीडा वसतिगृहात कित्येकदा टिकत नाही, असे का? शिस्त तर सैन्यात अधिकच कडक. मला यात एक कारण दिसते. सैन्यात भरती झालेला जवान तुकडीने येतो. सगळ्यांचे केस सारखे कापलेले, सगळे घर सोडून आलेले, सगळेच गोंधळलेले. परकेपणा वाटून घेतला की हलका होतो. वसतिगृहात मात्र पाड्यावरचे पोर एकटे परके असते. बाकीचे एकमेकांना ओळखतात, सिनेमावर बोलतात, मोबाइलवर हसतात. म्हणून माझी पहिली सूचना अशी, की एका टापूतून एकटे पोर निवडू नये. दोन निवडावीत, एकाच खोलीत ठेवावीत. रात्री आपल्या बोलीत चार शब्द बोलायला कोणी असले, की सकाळची शिटी जड जात नाही.

हा प्रश्न केवळ आपल्याच देशाचा नव्हे. ऑस्ट्रेलियात त्यांचा स्वतःचा एक फुटबॉल आहे. मोठे लंबगोल मैदान, एकेका बाजूला अठरा खेळाडू, चेंडू लाथेने उडवायचा किंवा मुठीने ढकलायचा. या खेळात तिथल्या आदिम रहिवाशांची मुले फार चमकली. त्यांपैकी लिअम जुरा हा युएन्डुमू नावाच्या वाळवंटातल्या वस्तीचा. सर्वांत जवळचे शहर तिथून सुमारे ३०० किलोमीटर दूर. घरची भाषा वार्लपिरी. २००८ च्या अखेरीस मेलबर्नच्या संघाने त्याला निवडले, २००९ साली तो पहिला सामना खेळला, आणि २०१० साली उंच उडी घेऊन चेंडू झेलण्याचे त्या वर्षीचे सर्वोत्तम म्हणून मानाचे पारितोषिक त्याला मिळाले. मैदानावर तो कुठेच उणा नव्हता. तरी ३६ सामन्यांनंतर, २०१२ साली त्याचे आणि संघाचे संबंध संपले. कारणे अनेक असतील. पण दोन जगांत एकाच वेळी पाय ठेवून उभे राहणे किती कठीण असते, हे त्यावरून तिथल्या लोकांनाही कळले. त्याआधी १९९५ साली मायकेल लाँग या खेळाडूने मैदानावर वर्णावरून झालेल्या शिवीगाळीविरुद्ध तक्रार केली, आणि त्याच वर्षी तिथल्या खेळाच्या मंडळाने अशा शिवीगाळीविरुद्ध नियम केला. परक्या घरात आलेल्या पोराचा अपमान होणार नाही, ही जबाबदारी त्या पोराची नव्हे, घराची, हे त्या नियमाने मान्य केले.

आपल्या शेजारचीच एक आठवण याहून बोलकी आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळच्या जंगलात सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले. घरात कोकणीला जवळची बोली बोलतात. १९८७ च्या सुमारास शासनाच्या खास योजनेतून या समाजातली मुले-मुली निवडून सरावासाठी बंगळुरूला नेण्यात आली. काहींनी पदकेही आणली. पण १९९३ साली ती योजना बंद पडली, आणि बरीच मुले पुन्हा जंगलाकडे, मजुरीकडे परतली. रोप लावले, पण पाणी मध्येच तोडले. यात रोपाचा काय दोष?

एक गैरसमजही इथेच खोडून काढायला हवा. “आदिवासी पोरांच्या रक्तातच धावणे असते,” असे लोक कौतुकाने म्हणतात. हे कौतुक घातक आहे. पोराने वर्षभर घाम गाळून शर्यत जिंकली की श्रेय जाते रक्ताला, आणि हरले की दोष जातो आळसाला. डोंगराने त्याला पाय दिले असतील, पण खेळाडू त्याचा तोच होतो, कष्टाने.

आता शिक्षकांनो, तुमच्याकडे वळतो, कारण पाड्यावरच्या घराला आणि शहरातल्या केंद्राला जोडणारा दुवा तुम्हीच आहात.

मूल निघण्यापूर्वी आई-बापांपैकी एकाला सोबत घेऊन केंद्र दाखवून आणा. पोर कुठे निजणार, कुठे जेवणार, हे आईने एकदा डोळ्यांनी पाहिले की तिचा जीव खाली पडतो, आणि पोराचाही. ज्या कागदावर अंगठा किंवा सही घ्यायची, तो आधी त्यांच्या बोलीत समजावून सांगा. रक्ताची तपासणी करून घ्या. सिकलसेल नावाचा रक्ताचा दोष आपल्या आदिवासी भागांत बराच आढळतो. त्यासाठी २०२३ पासून देशभर मोहीमही सुरू आहे. ज्याला पूर्ण आजार आहे, त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कठोर सराव करू नये. ज्याच्या रक्तात नुसता गुण आहे, त्याला खेळ बंद नाही. पण उन्हात पाणी पीत राहणे, श्रम हळूहळू वाढवणे आणि धाप अधिक लागली की थांबणे, हे त्याच्या प्रशिक्षकाला ठाऊक असलेच पाहिजे. चिठ्ठी लिहून द्या, तोंडी निरोपावर विसंबू नका.

मूल गेल्यावर तुमचे काम संपत नाही. पहिले चाळीस दिवस जपायचे. आठवड्यातून एक दिवस, एक वेळ ठरवून फोन करा. पाड्यावर रेंज येत नसेल तर आई-बापांना शाळेत बोलावून तिथून बोलू द्या. “धावणे कसे चालले?” हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारा, “जेवलास का? झोप लागते का? सोबती कोण?”

केंद्र चालवणाऱ्यांनाही दोन शब्द. पोराला त्याच्या नावाने हाक मारा, जातीने किंवा गावाने नव्हे. सूचना तोंडी देऊन थांबू नका, करून दाखवा. पहिल्या महिन्यात ताटात एक तरी ओळखीचा पदार्थ असू द्या. शहरातले एखादे शिक्षकाचे, पोस्टमनचे, कारकुनाचे कुटुंब गाठा. महिन्यातून एका रविवारी त्या घरात पोर जेवायला गेले, की शहरात त्याला एक दार आपले वाटते. मुलींसाठी स्त्री अधीक्षक हवीच. पाळीच्या दिवसांत काय करायचे, कोणाला सांगायचे, हे पुरुष प्रशिक्षकाजवळ मुलगी कधी बोलणार नाही. आणि सुट्ट्यांचा तक्ता करताना जरा डोंगराकडेही पाहा. सातपुड्यातल्या पोराला दिवाळीपेक्षा होळी मोठी. किनवटच्या गोंड-कोलाम पोराला दिवाळीच्या दंडारीत नाचायचे असते. दोन दिवस सोडलेत तर तो परत येतो. सोडले नाही तर तो निघून जातो, आणि मग मात्र परत येत नाही.

गावकऱ्यांनाही सांगणे आहे. पोराच्या हाती मानधन, बक्षीस येऊ लागले की सगळ्यांच्या गरजा एकदम जाग्या होतात. कोणाचे लग्न, कोणाचे कर्ज. पैसा त्याच्या नावाच्या खात्यात राहू द्या. काही भाग घरी, काही शिल्लक, हे आधीच ठरवा. शाळा सुटू देऊ नका. शरीराची उमेद फार तर पंधरा वर्षांची. पुढे चाळीस वर्षे जगायचे असते. राज्याच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, पण त्यासाठी शिक्षणाची अटही पुरी करावी लागते. प्रमाणपत्रे पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून जपून ठेवा.

आणि समजा, इतके करूनही पोर परत आले, तर? तर त्याला वेशीवर हसू नका. ते चार महिने जग पाहून आले आहे. त्याला शाळेच्या मैदानावर लहान मुलांना पळायला शिकवू द्या. वर्षभराने ते स्वतःच म्हणेल, “गुरुजी, पुन्हा जाऊन बघतो.” त्या वेळी केंद्राचे दार उघडे असावे, एवढी व्यवस्था आपण करू शकतो. नियमाच्या वहीत ‘निघून गेला’ या शेऱ्याखाली ‘पुन्हा घ्यावा’ असे लिहायला एक ओळ मोकळी असते.

येत्या हिवाळ्यात तालुक्यांच्या स्पर्धा होतील. अनवाणी पायांची पोरे पुन्हा पहिली येतील. त्यांचे नाव, वेळ, वय आपण वहीत लिहाल. त्याशेजारी आणखी तीन रकाने आखा : घरची बोली कोणती, सण कोणता, आणि बरोबर कोणाला पाठवायचे. मुळाशी राहू द्यायचा मातीचा गोळा तो हाच.